मागच्या दाराची कडी

२ मार्च २०२५, पुणतांबा

आली एकदाची! ट्रॅक्टरला दोरखंड, दोरखंडाला जीप, आणि जीपच्या स्टिअरिंगवर मी. सकाळीच पंप घेऊन जाऊन चारही टायरांत हवा भरली होती. घरापर्यंत येईतो दोन बसले. ब्रेक नाहीत, त्यामुळं उतारावर ट्रॅक्टरवाल्याच्या अंगावर जाता जाता वाचलो. फाटकाशी दीपा कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, आली का माझी सवत! आणि घरात जाऊन दोघांसाठी गूळ-शेंगदाणे घेऊन आली. दोघांसाठी म्हणजे माझ्यासाठी आणि जीपसाठी. जीपचा गूळ तिनं बॉनेटवर ठेवला, तो मुंग्यांनी नेला.

दीपाची जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जानेवारीत इथं बदली झाली. मी चाकणची नोकरी सोडून तिच्यामागं आलो. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे सुटे भाग तपासले, आता चार-सहा महिने स्वतःची गाडी उघडायची, मग पुढचं पुढं. गावाबाहेर, गोदावरीच्या अंगाला, उसाच्या मधोमध हे भाड्याचं घर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, समोर पत्र्याची मोठी शेड. घर मी शेडकडं बघून घेतलं हे दीपाला ठाऊक आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला, कूलर लागला, आणि आज जीप. घर भरलं.

गाडी गावातल्या भिमाजी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतली. त्यांनी ती ऐन तारुण्यात नगरला लष्कराच्या लिलावात घेतली होती. निळ्या रंगाखाली अजून लष्करी हिरवा दिसतो. मागं कुणीतरी पत्र्याची बंद कॅबिन चढवली आहे. खिडक्यांना काचांऐवजी पत्रा. ड्रायव्हरच्या पाठीशीही पत्रा. मागं एकच दार, त्याला बाहेरून मनगटाएवढी जाड कडी; आतून उघडायला काहीच नाही. भिमाजी म्हणाले, शेळ्या न्यायला करून घेतली होती. म्हातारा मोठा गोड माणूस. निघताना उसाचा रस पाजला, पाठीवर हात फिरवला.

पावसाळ्याआधी घाटघर गाठायचं. अकोले तालुक्याच्या डोंगरात, पहिल्या गिअरमध्ये, दीपा शेजारी. बस्स.

९ मार्च

इंजिन उघडलं. एअर फिल्टरमध्ये उंदरांचं अख्खं गाव वसलेलं. पण पिस्टन मोकळे आहेत, तेलात पाणी नाही. चाळीस-पन्नास वर्षांचं लोखंड असं निघणं म्हणजे नशीब. दीपानं सुट्टी असल्यानं दिवसभर रॉकेलमध्ये नटबोल्ट धुतले. हातांना वास राहिला म्हणून रात्री वैतागली, पण खूश होती.

ओढ्यापलीकडच्या चांगुणाबाई भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. साठीच्या असतील, एकट्याच राहतात. फाटकाच्या आत आल्या नाहीत. गाडी भिमाजीचीच का, एवढं विचारलं. हो म्हटल्यावर टोपली दीपाच्या हातात दिली आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून निघून गेल्या. गावात जुनी भांडणं असतात, दीपा म्हणाली.

१६ मार्च

कॅबिनचा आतला रंग काढला. मागच्या दाराची आतली बाजू तारेच्या ब्रशनं घासत होतो. खालच्या अर्ध्या भागात, रंगाखाली, पत्र्यावर ओरखडे निघाले. चार-चार रेघा एकमेकींना समांतर, एकीवर दुसऱ्या, दारभर. शेळ्यांची शिंगं असणार, मी म्हणालो. दीपा बराच वेळ उकिडवी बसून बघत राहिली. तिनं आपला हात त्या रेघांवर ठेवला. बोटं बरोबर बसली. म्हणाली, सम्या, शेळी अशी ओरबाडत नाही.

पुट्टी भरली, प्रायमर मारला. दार गुळगुळीत दिसतंय.

२३ मार्च

प्रायमरवर पुन्हा ओरखडे. तिथंच.

उंदीर म्हणावं तर उंदराला चार बोटं एवढी लांब नसतात. पुन्हा पुट्टी भरली. ऐन दुपारी शेडबाहेर सावलीत भाकरी खात होतो, तेव्हा आवाजही ऐकला. आतून पत्रा खरवडल्याचा, खर्र, खर्र, मग थांबून पुन्हा. कडी काढून दार उघडलं. आत कुणी नाही. भट्टीतून यावी तशी गरम हवा अंगावर आली, जणू कुणीतरी कोंडलेला श्वास सोडला. आवाज थांबला.

दीपाला सांगितलं. ती म्हणाली, मग उघडंच ठेव ना दार.

३० मार्च, पाडवा

चालू झाली! तिसऱ्या हिसक्याला. काळा धूर, मग पांढरा, मग असा ठणठणीत आवाज की उसातले बगळे उडाले. दीपा आणि मी शेडमध्ये नाचलो. तिच्या दवाखान्यातला ड्रेसर अमृत शिकरण घेऊन आला होता, तोही नाचला.

इंजिन बंद केल्यावर मागून तीन-चार वेळा धडधड झाली. तापलेला पत्रा तडतडतो, मी अमृतला सांगितलं. तो हो म्हणाला. पण तो जीपकडं नाही, माझ्याकडं बघत होता.

१४ एप्रिल

जयंतीच्या मिरवणुकीला जीप न्यायची हा दीपाचा हट्ट. बॉनेटवर बाबासाहेबांचा फोटो, निळे झेंडे, हार. गाडी इतकी देखणी दिसत होती की माझाच ऊर भरून आला. पांढऱ्या साड्यांतल्या पाच बायका मागं कॅबिनमध्ये बसल्या, दार उघडंच बांधून ठेवलं होतं. पहिल्याच चौकात सगळ्या उतरल्या. पुन्हा चढेनात. उकडतं म्हणाल्या. त्यातली सगळ्यात वयस्कर बाई दीपाला बाजूला घेऊन म्हणाली, आत आमच्यात अजून एक बसली होती, आणि ती सारखी पाणी मागत होती.

परत आल्यावर मी दार लावलं. लावल्या लावल्या आतून हाक आली. पहिल्यांदाच. बाईचा आवाज. शब्द कळले नाहीत.

१६ एप्रिल

भिमाजींकडं गेलो. ओसरीवर बाजेवर पडले होते. मी काही सांगायच्या आधीच म्हणाले, बोलली का?

मग शांतपणे, पान लावत, सगळं सांगितलं. ज्योती त्यांची धाकटी सून. तिच्या अंगात बाहेरचं शिरलं होतं. नवऱ्याला सोडून माहेरी जाते म्हणायची, भांडी फेकायची. एका उन्हाळ्यात त्यातच गेली. आणि जे तिच्यात शिरलं होतं ते गाडीत बसलं. मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलं? ते हसले. म्हणाले, आता सांगतोय की.

त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवतो, उपयोगी पडेल: “ओ द्यायची न्हाई. हाक कानाव आली तरी न्हाई आली म्हनायचं. दार लावायचं, कडी घालायची आन आपल्या कामाला लागायचं. ती रडंल, देवाचं नाव घील, तुमच्या मालकिनीच्या आवाजात बोलंल. फसू नका. दार उगडं दिसलं तर आत बघायचं न्हाई, तोंड फिरवून लावून घ्यायचं. एकदा का भाईर आली, तर तुमच्याच घरातली एक घिऊन जाईल.”

निघताना पुन्हा पाठीवर हात फिरवला.

१७ एप्रिल

दीपा भडकली. माणूस हाक मारतंय आणि ओ द्यायची नाही, हा कसला नियम, म्हणाली. तिला भुताखेतांवर विश्वास नाही, माझाही नव्हता. पण ती म्हणते, विश्वास नसला तरी तहानलेल्याला पाणी द्यायला काय जातं? सकाळी तांब्याभर पाणी नेऊन कॅबिनच्या पार आतल्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्याला टेकवून ठेवलं आणि दार उघडं टाकून दवाखान्यात गेली.

आज दिवसभर आवाज नाही. संध्याकाळी तांब्या कोरडा. उन्हानं आटलं असेल.

मी दार लावून घेतलं. तिला सांगितलं नाही.

२१ एप्रिल

आज दीपाच्या आवाजात बोलली.

दुपार. मी दार लावून पुढचे ब्रेक बसवत होतो. मागून, स्पष्ट: सम्राट. हातातला पाना पडला. धावत घरात गेलो, दीपाला फोन लावला. तिनं उचलला. मागं म्हशी ओरडत होत्या, अमृत कुणाला तरी दोर धर म्हणून सांगत होता. दीपा दवाखान्यात. आणि इकडं शेडमधून दीपाच हाक मारतेय.

भिमाजी खरं बोलले. शब्दन् शब्द.

२२ एप्रिल

भांडण. ती दार उघडते, मी लावतो. ती म्हणते, तू घाबरलायस आणि त्या म्हाताऱ्याचं ऐकतोयस. मी म्हणतो, मला तुझी काळजी आहे. ती म्हणाली, काळजी असती तर तू आत कोण आहे ते विचारलं असतंस.

ऊन वाढलंय. पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटते. जीपचं काम बंद. गिऱ्हाईक मिळालं तर विकून टाकीन. नवं कुलूप आणलं. तिला दाखवलं नाही.

२४ एप्रिल, सकाळ

दीपा लसीकरणाला गेली. अमृतच्या मोटारसायकलवरून, पलीकडच्या वस्तीवर. संध्याकाळ होईल म्हणाली. न बोलता गेली असती तर बरं झालं असतं. जाताना केसांतून हात फिरवला माझ्या.

झोपतो. रात्रभर झोप नाही.

दुपार

घाईत लिहितोय, अक्षर वाचता येईल की नाही कोण जाणे.

कूलरच्या आवाजात गाढ झोप लागली होती. जाग आली ती कसल्यातरी आपटण्यानं. खिडकीतून पाहिलं — जीपचं मागचं दार उघडं. गरम वाऱ्यानं हलत होतं. सकाळी मी स्वतः लावलं होतं. म्हणजे आतून —

कुलूप घेतलं. पायांत काही न घालता धावलो. तोंड फिरवून, डोळे मिटून, दार दाणकन लावलं. कडी. कुलूप. त्याच क्षणी आतून ओरडली. दीपाच्या आवाजात. किल्ली उसात भिरकावली, लांब, म्हणजे मोह नको.

घरात आहे. दार-खिडक्या बंद. कूलर पूर्ण जोरात. तरी ऐकू येतंय.

फोन करायची गरज नाही. परवाच खात्री झाली.

थोड्या वेळानं

लिहीत राहिलो तर बरं वाटतं.

किती हुबेहूब! आधी हसली. सम्या, पुरे गंमत. मग रागावली. मग दारावर लाथा. सम्या ही हाक फक्त दीपाची. हिला कुठून कळली? चाकणला पहिल्या पावसात आमची स्कूटर चिखलात रुतली होती, ते सांगतेय. तेव्हा मी तिला काय म्हणालो होतो ते सांगतेय. हे कुणालाच माहीत नाही. मला माहीत, दीपाला माहीत.

काय काय माहीत आहे हिला.

ओ द्यायची नाही.

नंतर

आता त्रिशरण म्हणतेय. सावकाश, नीट, दीपा आईकडून शिकली तसं. एकदा उठलो होतो. दारापर्यंत गेलो होतो. मग आठवलं. देवाचं नाव घील. फसू नका.

कान दाबून बसलोय. पाणी संपलं म्हणतेय.

नंतर

ओरडणं नाही. फक्त नखं.

नंतर

थांबलं.

थांबलं! काहीच आवाज नाही. बगळे ऐकू येतायत. मी जिंकलो. दीपा आली की तिला सगळं सांगणार, दार न उघडता दुपार काढली म्हणून. रागावेल. पण वाचली. भूक लागली आहे, कितीतरी दिवसांनी.

फाटकाशी चांगुणाबाई दिसतायत. हातात कैऱ्या. आज आत येतायत.

संध्याकाळ



चांगुणाबाईंना मी सांगितलं. अभिमानानं सांगितलं. ती बोलत होती, मी ओ दिली नाही, भिमाजींनी सांगितलं तसंच केलं. त्यांनी कैऱ्या खाली ठेवल्या. म्हणाल्या, “तवा बी त्यो आसंच म्हनला हुता. पोरगी म्हायेरी निघाली म्हनून गाडीत कोंडली आन आमाला म्हनला, तिच्या अंगात बाहेरचं शिरलंय, ओ देऊ नका. सारी आळी सावलीला बसून ऐकत हुती. म्या बी. ज्योती जित्ती हुती, दादा. दुपारभर जित्ती हुती.”

मग इकडं तिकडं बघितलं. विचारलं, बाई कुठं हायेत?

मी म्हणालो, वस्तीवर. संध्याकाळी येतील.

त्या म्हणाल्या, “दुपारी म्या बाजारला निघाले तवा आल्या की. फटफटीवरनं उतरल्या. तांब्या घिऊन गाडीकडं चालल्या हुत्या.”

फोन लावला.

स्वयंपाकघरात वाजला. ओट्यावर. तिच्या पिशवीत. ओट्याखाली चपला काढलेल्या, नीट, भिंतीला लावून.

चांगुणाबाई पळत गेल्या. दगड घेऊन कुलपावर मारतायत. मला हाक मारतायत. दादा, किल्ली आना. दादा, या. लोखंडी टामी शेडमध्येच आहे, एका हिसक्यात कुलूप तुटेल, मला माहीत आहे, मला उठायला हवं, मी उठत नाहीये. मी लिहितोय. जोवर दार उघडलं नाही तोवर दीपा वस्तीवर आहे. म्हशींना सुया देतेय. संध्याकाळ होईल म्हणाली होती.

दगड. दगड. दगड.

मी ओ का देत नाहीये —

तुटलं. कडी पडल्याचा आवाज.

चांगुणाबाई ओरडत नाहीत. काहीच बोलत नाहीत. एवढा वेळ का बोलत नाहीत —

पावलं. घराकडं येतायत. अनवाणी. चांगुणाबाईंच्या पायांत वहाणा होत्या.

दाराशी थांबली.

सम्या म्हणाली. घसा कोरडा पडलाय तिचा, पण दीपाच, दीपाचाच आवाज, मी ओळखतो, की मी दुपारभर ओळखत — ती जिवंत असेल आणि मी पुन्हा गप्प बसलो तर — आणि ती नसेल आणि मी

पुन्हा हाक आली. दारावर नख. हळू. ओ देऊ की